पिकदाणीचा मान

डोंबिवलीहून तात्या, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि पुतण्या असे चौघे आयुष्यात पहिल्यांदा वायनरी बघायला निघाले, ते भर जुलैत. नाशिक ओलांडून दिंडोरीच्या अंगाला गाडी थांबली आणि पुतण्यानं खाली उतरताच विचारलं, "द्राक्षं कुठायत?" वेलांवर नुसता पाला होता. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, असं इकडचं वेळापत्रक. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं तोडतात; इकडे पावसात घड आला तर डावणी रोग त्याचा निकाल लावतो, म्हणून बागाईतदारानं वेलाचं अख्खं पंचांगच फिरवून ठेवलंय. हे सगळं ऐकून पुतण्यानं पाल्यासोबत सेल्फी काढला आणि खाली 'हार्वेस्ट सीझन' असं लिहिलं.

स्टीलच्या टाक्या पाहून झाल्या, ओकची पिंपं पाहून झाली. लाल वाइनच्या बहुतेक द्राक्षांचा रस मुळात पांढराच असतो, रंग सालीतून उतरतो, हेही कळलं. सूनबाईंना ते खरं वाटलं नाही. मग मंडळी टेस्टिंगच्या टेबलाशी आली आणि तिथे ती ठेवलेली होती.

बादली. हातभर उंचीची, चकचकीत स्टीलची, लग्नात पाहुण्यांपुढे श्रीखंड घेऊन फिरतात तिच्या तोंडवळ्याची. काळा एप्रन बांधलेला मुलगा अदबीनं म्हणाला, "सर, मॅडम, वाइन तोंडात घोळवा, चव घ्या. गिळायची नसेल तर यात थुंकू शकता."

टेबलावर शांतता पसरली. जन्मापासून 'येथे थुंकू नये' एवढा एकच मजकूर भिंतीभिंतीवर वाचत मोठ्या झालेल्या चार माणसांना कोणीतरी पहिल्यांदाच, हात जोडल्यासारखं, थुंकण्याची विनंती करत होतं. चौघांनीही ती मनातल्या मनात बाणेदारपणे धुडकावली. तात्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "थुंकायला पैसे भरलेत का?"

हिशेब साधा होता. सहा प्रकारच्या वाइन, प्रत्येकी ३० मिली. एकूण १८० मिली. या मापाला महाराष्ट्रात काय म्हणतात, हे सदराच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिली आली सोव्हिन्यों ब्लां. एप्रनवाला म्हणाला, "पेरूचा वास जाणवेल, थोडी हिरवी ढोबळी मिरचीही." तात्यांनी ग्लासात नाक घातलं, मिरची सापडली नाही, घोट घेतला आणि तो तसाच्या तसा बादलीत टाकला. "आंबलंय हे," ते म्हणाले. एप्रनवाल्याचा चेहरा उजळला. "सर, तुम्ही नेहमी टेस्टिंग करता का?" उभ्या हयातीत ताकाच्या पलीकडे न गेलेले तात्या त्या क्षणापासून टेबलावरचे जाणकार ठरले. तांबडी शिराझ आली तेव्हा तो त्यांच्याकडेच बघून बोलत होता. टॅनिन म्हणजे काय, तर द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरटपणा, जिभेला कोरड पाडणारा. तात्यांनी घोट घोळवला, बादलीत सोडला आणि निकाल दिला, "कातासारखं." एप्रनवाल्यानं वाकून दाद दिली. पुढच्या चार ग्लासांवर त्यांनी हात आडवा धरला.

बाकीच्या तिघांनी मात्र थेंब सांडू दिला नाही.

आता हे जरा नीट बघण्यासारखं आहे. आपल्याकडे थुंकण्याची कला अविकसित आहे, असं कोणी म्हणणार नाही. एसटीच्या खिडकीतून, दुचाकीवरून चालत्या रहदारीत मान वळवून, सरकारी जिन्याच्या कोपऱ्यावर तीन पायऱ्या खालून, लिफ्टचं दार बंद होता होता उरलेल्या फटीतून, अशा सर्व आसनांत मराठी माणूस पारंगत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि २०१२ नंतर बांधलेल्या इमारतींचे जिनेही तितकेच रंगलेले आहेत. शेवटचा उपाय म्हणून लोकांनी जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवल्या. साईबाबा, गणपती, शेजारी क्रॉस आणि मक्केचं चित्र, सर्वधर्मसमभावाचं एवढं निखळ दर्शन दुसरीकडे कुठे होत नाही, आणि ते कशासाठी, तर आपण तिथे थुंकू नये म्हणून. मग आपण काय केलं? टाइल सोडून वीतभर वर थुंकलो. ज्या बाईला सकाळी सहाला येऊन ती भिंत लोखंडी ब्रशनं खरवडावी लागते, तिच्यासाठी टाइलवर काही नाही. तिनं खरवडलेल्या जागी चुना लागतो, आणि ओला चुना दिसला की पानवाल्याच्या गिऱ्हाइकाला आपलेपणा वाटतो. या देशात थुंकायला बंदी नसलेली, उलट त्यासाठीच मांडलेली, रोज घासूनपुसून ठेवलेली एकुलती एक जागा वायनरीच्या टेबलावर आहे, आणि तिथे मात्र आपल्या तोंडाला कुलूप. का? तर तिथे थुंकणं म्हणजे नुकसान. जिन्यात थुंकलं तर नुकसान दुसऱ्याचं असतं.

ती बादली शोभेची नव्हे. धंद्यानं वाइन चाखणारी माणसं दिवसाला कित्येक डझन नमुने तोंडात घेतात. गिळत बसली तर दहाव्या ग्लासाला पेरू आणि फणस यांतला फरक कळायचा नाही. आणि दुसरा हक्कदार असतो तो, ज्याच्या खिशात गाडीची किल्ली आहे. मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. बारा-तेरा टक्क्यांच्या वाइनचे सहा पेग रिचवलेला इसम परतीच्या वाटेवर कसारा घाट उतरणार असतो, मागच्या सीटवर बायको असते, आणि त्याचं म्हणणं असतं, "वाइन आहे गं, दारू नाही." ट्रकखाली जाईपर्यंत हा फरक टिकतो. चार पैसे वाया जातील म्हणून बादलीकडे न बघणाऱ्या या माणसाला त्याच बादलीत बुडवून काढावं, इतकी साधी अपेक्षा आहे. तात्यांच्या मुलानं तर सहावा ग्लास उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि किल्ली बोटात फिरवली.

सूनबाईंनी ती काढून घेतली. पण ग्लास त्यांनीही रिकामे केले होते, पुतण्यानंही केले होते. चौघांत कोरडा, आणि परवानाधारक, एकच जण उरला होता. तात्यांनी चष्मा पुसला आणि स्टिअरिंग धरलं.

कसाऱ्यापर्यंत पाऊस थांबला होता. गाडी ताशी चाळीसनं, डावी कड धरून, प्रत्येक वळणावर हॉर्न देत उतरत होती. पुढच्या बसची एक खिडकी सरकली, एक मान बाहेर आली, आणि लाल पिचकारी वाऱ्यावर पसरून काचेवर अर्धगोलात बसली. तात्यांनी वायपर लावला. लाल रंग डावीकडून उजवीकडे सावकाश पसरला.

मागून पुतण्या झोपेत बोलावं तसं म्हणाला, "टॅनिन्स चांगली आहेत."