शंभर आणि वर दोन

बँकेतून निवृत्त झालेली माणसं सोसायटीच्या कमिटीत शिरतात. आमचे शेजारी नाना मातीत शिरले. चाकावर कप करायला शिकले, तेव्हा वहिनी खूश होत्या. पण महिन्याभरात नानांच्या लक्षात आलं, की विकतचं ग्लेझ कपाला लावणं म्हणजे आयतं पुरण आणून सुगरण म्हणवून घेणं. त्या दिवसापासून नानांनी एकही कप केलेला नाही.

ते ग्लेझ तपासायला मातीच्या चकत्या करतात. फेल्डस्पार, सिलिका आणि खडूची पूड दहा-दहा टक्क्यांच्या पायरीनं मिसळली, तर ६६ मिश्रणं होतात. ‘‘यातली निम्मी वितळणारच नाहीत, हे माहीत आहे ना?’’ असं मी एकदा विचारलं. ‘‘म्हणून काय कॅश न जुळवता काउंटर बंद करायचा?’’ नाना म्हणाले आणि ६६ चकत्यांच्या पाठीवर नंबर टाकायला बसले.

ग्लेझ समजावून सांगतानाही त्यांच्यातला शाखाधिकारी सुटत नाही. ‘‘सिलिका म्हणजे ठेव. तिचीच काच होते. फेल्डस्पार आणि खडू म्हणजे कर्ज. त्याशिवाय ती आपल्या भट्टीत वितळत नाही. आणि चिनीमाती जामीनदार. ती ग्लेझला ओघळू देत नाही. सगळ्यांची बेरीज शंभर. रंगासाठी तांबं, लोखंड घालायचं ते त्यावर, दोन टक्के. व्याज!’’ एकदा जामीनदार कमी पडला. १२२० अंशांवर सगळं ग्लेझ वाहत जाऊन भट्टीच्या फळीला चिकटलं. नाना छिन्नीनं वसुली करत होते, ती दोन दिवस चालली.

राख दिसली की नानांचे डोळे चमकतात. लाकडाच्या राखेत चुना भरपूर, भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका. धुळवडीला पोरं रंग खेळतात, नाना घमेलं घेऊन होळीशी उकिडवे बसलेले असतात. ती राख धुऊन, वाळवून वहिनींच्या जुन्या पातळातून वस्त्रगाळ होते. आमच्या वास्तुशांतीला सगळे प्रसादाच्या रांगेत होते, नाना एकटे होमकुंडापाशी. गुरुजींना हळूच विचारत होते, ‘‘समिधा कसल्या होत्या हो? आंब्याच्याच ना सगळ्या?’’

वहिनींचं मागणं एकच होतं : लोणच्याला एक बरणी. तीन वर्षांनी नानांना मनासारखं हिरवं ग्लेझ साधलं. आम्ही पेढे मागितले. नानांनी त्या ग्लेझवर लिंबाची फोड ठेवली आणि झोपायला गेले. सकाळी फोडीखाली पांढुरका डाग. ‘‘तांबं सुटतंय. लोणच्याला बाद!’’ वहीत लाल शाईनं फुली पडली.

‘‘माझ्या आईच्या बरणीला नाही पडत ते डाग,’’ वहिनी फणकारल्या. खांदा तपकिरी, पोट पांढरं, अशी ती माहेरची जुनी बरणी. नानांनी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. चष्मा काढून, पुसून, परत घालून पाहिली. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘‘अगं, हिचा एक छोटासा टवका काढला तर?’’

त्याच संध्याकाळी बरणी लोणच्यासकट आमच्या घरी आली. नाना रोज येतात, तपकिरी खांद्यावर नखानं टकटक करतात. ‘‘लोखंड आहे. पण किती?’’ परवा बायकोनं विचारलं, ‘‘नाना, लोणचं देऊ का थोडं?’’

‘‘लोणचं नको. रिकामी कधी होतेय तेवढं सांगा.’’

तेव्हापासून आमच्याकडे लोणचं एकेका फोडीनं वाढलं जातं.