अपराजित जिल्हा

अमेरिकेतील इंडियाना फीव्हर या व्यावसायिक महिला बास्केटबॉल संघाने २०२२ च्या हंगामात ३६ पैकी ३१ सामने गमावून जी नामुष्की पदरी पाडून घेतली, तिच्यापासून आमचा वर्धा जिल्हा, आष्टीपासून समुद्रपुरापर्यंतच्या आठही तहसिलींसह, सर्वथैव मुक्त आहे. पगारी महिला संघ उभारण्याचे औद्धत्यच येथे कोणी न केल्यामुळे पराभवाची एकही नोंद दफ्तरी दाखल नाही. त्या मुलखात तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत झुकते माप देण्याचा विलक्षण प्रघात असून, त्यायोगे फीव्हरने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे प्रथम निवडीचा मान पटकावला. आमच्या क्रीडाप्रेमी पुढाऱ्यांना हा प्रघात मनापासून रुचेल. मात्र हरण्यासाठीसुद्धा आधी मुलींना पगार द्यावा लागतो, हे कलम वाचताच सभा तहकूब होईल.