बसलेल्या माणसाचं स्मारक

शांततेच्या क्रांतीची एक मोठी अडचण आहे. तिचं स्मारक उठून दिसत नाही. लढाई झाली असेल तर घोडा असतो, तलवार असते, शिल्पकाराला काम मिळतं. सत्याग्रही मेले नुसते बसतात, चालतात, सूत काततात, नाहीतर तुरुंगात जातात.

धुळ्याचंच घ्या. १९३२ साली तिथल्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून आलेले साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत होते. एक बोलतोय, एक लिहितोय, बाकीचे कैदी ऐकतायत. स्मारक समितीपुढे हा विषय गेला तर अध्यक्ष हमखास विचारतील, "पण भो, याच्यात फीत कुठं कापायची?"

फैजपूरची तर गोष्टच सोडा. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन. खेड्यातलं सामान आणि खेड्यातलेच हात वापरा, हा गांधीजींचा हट्ट. नंदलाल बोस यांनी बांबूचं टिळकनगर उभं केलं, अध्यक्ष नेहरू बैलांच्या रथातून आले. आज त्याची आठवण म्हणून बांबूचीच कमान उभारू म्हणालात, तर एक ठेकेदार निविदा भरणार नाही. बांबूत सिमेंट किती जाणार आणि वाढीव दर कशाचा मागणार? तेव्हा कमान आरसीसीचीच. चौथरा ग्रॅनाइटचा, खाली एलईडी, समोर सेल्फी पॉइंट. काळ्या कोनशिलेवर सोनेरी अक्षरांत आधी मंत्री, मग पालकमंत्री, खासदार, आमदार, 'प्रमुख उपस्थिती', 'विशेष सहकार्य', अगदी खाली ठेकेदार. ज्याच्यासाठी हे सगळं, त्याचं नाव जागा उरली तर. या उतरंडीत एक नाव जरी वरखाली झालं, तरी रुसवे काढताना नगराध्यक्षांचा घाम निघतो.

नावांचंच निघालं, तर नंदुरबारचंही घ्या. तिथं ९ सप्टेंबर १९४२ रोजी झेंडा घेऊन निघालेल्या नि:शस्त्र पोरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. दर स्मृतिदिनाला 'शिरीषकुमार आणि त्यांचे सहकारी' म्हणून वक्ते पुढं सरकतात. सहकाऱ्यांची नावं विचारली की माईक खराब होतो.

म्हणून इथं छापून टाकतो: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. एवढं कात्रण कापून ठेवा आणि पुढच्या ९ सप्टेंबरला हार घालायला येणाऱ्या पाहुण्याच्या खिशात सरकवा.