घाई नाही ना?

माझे मामा पाइप ओढतात, असा अख्ख्या सोसायटीचा समज आहे. तो चूक आहे. मामा पाइप निवडतात. ओढणं हे त्यांच्या लेखी निवडीनंतरचं किरकोळ काम, लग्न ठरल्यावर मंडपवाल्याला फोन करावा तितपत.

हे समजायला त्यांच्याबरोबर एकदा मंडईत जावं लागतं. भरताचं एक वांगं घ्यायला मामांना पाऊण तास लागतो. आधी लांबून बघणं, मग जवळून, मग देठ, मग दोन हातांत दोन वांगी घेऊन डोळे मिटणं. दिसायला मोठं पण हाताला हलकं लागलं, तर बी कमी, ते पिशवीत. भाजीवाली आता त्यांच्यापुढे ढीग सरकवते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. सुरुवात करण्याआधी मामा मला विचारतात, "घाई नाही ना?" हा प्रश्न नसतो. पुढचा सगळा दिवस आता त्यांचा, एवढंच त्यातून समजायचं.

"वांगं काय, पाइप काय, एकच नियम," ते म्हणतात. "दिसायला भरदार, हाताला हलका. जड लागला की समजावं, आत काहीतरी दडलंय."

मामा 31 वर्षं बँकेच्या तपासणी खात्यात होते. गावोगावच्या शाखांत जायचं आणि काय दडलंय ते हुडकायचं, हीच नोकरी. 1974 साली मुंबईत निवृत्त होणाऱ्या एका साहेबांनी त्यांना एक पाइप भेट दिला. नायिकेचा श्रीमंत बाप रेशमी गाऊन घालून, तोंडात पाइप धरून जिना उतरतो, हे मामांनी सिनेमात किती वेळा पाहिलं होतं त्याला गणती नाही. आमच्या वाड्यालाही जिना होता. गाऊनच्या जागी लुंगी लावून मामा पाइप पेटवून उतरू लागले आणि पाचव्या पायरीवर त्यांची जीभ पोळली. आठवड्याभरात वाटीवरचं पॉलिश फुगून सुटलं आणि खालून एक पिवळट ठिपका डोकावला. लाकडातलं भोक बुजवून वर रंग दिला होता. रंगारी ज्याला लांबी भरणं म्हणतात, ते.

"लांबी भरली होती रे!" मामा तेव्हा जे म्हणाले ते आजतागायत म्हणताहेत. आता ते माणसांनाही लागू आहे. भाचीला सांगून आलेलं स्थळ असो, मत मागायला आलेला उमेदवार असो, शेजाऱ्यांचा नवा सोफा असो, मामा डोळे बारीक करतात आणि तीन शब्दांत अहवाल देतात, "लांबी भरलेली आहे."

त्या पोळलेल्या जिभेनं त्यांना अभ्यासाला बसवलं. चांगला पाइप ब्रायरचा, हे पहिलं कलम. "ब्रायर म्हणजे काय हो?" असं मामांना चुकूनही विचारू नये. नव्या पाहुण्यानं विचारलंच, तर मामी तेवढ्यात दळण टाकून येतात. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, सार्डिनिया, अल्जीरिया अशा भागांत एरिका आर्बोरिया नावाचं झाड वाढतं. झाड कसलं, झुडूपच. पण त्याच्या मुळाशी, मातीत, एक गाठ धरते. ती खणून काढायची, तिचे ठोकळे पाडायचे, ते तासन् तास पाण्यात उकळायचे म्हणजे आतला चीक निघून जातो, आणि मग महिनोन् महिने वाळत ठेवायचे. असं लाकूड आतल्या निखाऱ्याला सहजी दाद देत नाही, ओल मात्र पिऊन घेतं. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच गाठीवर नावारूपाला आलं. "फांद्यांना कोणी विचारत नाही," मामा सांगतात, "किंमत गाठीला. आयुष्यभर वाऱ्यापावसात जिनं झाड धरून ठेवलं, तिला." इथवर मामी दळण घेऊन परत आलेल्या असतात.

स्वतःच्या पैशानं घ्यायचा पहिला पाइप निवडायला मामांना तीन वर्षं लागली. फोर्टातल्या एका जुन्या तंबाखूच्या दुकानात ते बँकेच्या कामासाठी म्हणून जात आणि पाच परीक्षा घेत. पहिली डोळ्याची. सोनाराकडून आणलेलं भिंग लावून लाकडाच्या रेषा बघायच्या; त्या उभ्या, सरळ, बुडापासून काठापर्यंत गेल्या असतील तर उत्तम. फार काळा आणि फार चकचकीत पाइप संशयित. त्यानं काय झाकलंय ते आधी विचारायचं. दुसरी वजनाची. तिसरी भोकाची: दांडीतलं भोक वाटीच्या तळाशी बरोबर मध्ये उघडलं पाहिजे. वर उघडलं तर तळाची तंबाखू ओली राहून गुरगुरते. कापूस गुंडाळलेली तार नळीच्या तोंडातून घातली, तर कुठेही न अडता वाटीत निघाली पाहिजे. चौथी सांध्याची: काळी नळी लाकडात बसते तिथून उजेड दिसला तर पाइप नापास. पाचवी तोंडाची. दुकानदार नळी दातांत धरू देत नसे, म्हणून मामा खिशात पातळ प्लॅस्टिकची पिशवी बाळगत; ती नळीवर चढवून, पाइप तोंडात धरून, रस्त्यावरच्या बसकडे बघत दहा मिनिटं उभे राहत.

चौथ्या की पाचव्या भेटीत दुकानदारानं अतिशय नम्रपणे विचारलं, "साहेब, ओढायचाच आहे ना?"

मामा दुखावले. त्यानंतर सहा महिने त्यांनी ते दुकान तपासणीतून वगळलं.

या तीन वर्षांच्या मध्येच त्यांचं लग्न झालं. मामी हा मुद्दा सोडत नाहीत. "मला बघायला आले तेव्हा पोहे निवायच्या आत हो म्हणाले," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. "आणि लाकडाच्या गाठीला तीन वर्षं!" एकदा आम्ही सगळे जेवायला बसलेलो असताना मामा ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुझ्यात लांबी भरलेली नव्हती. लगेच दिसलं." मामींनी आमटीचं पातेलं उचललं आणि त्या आत गेल्या. आमटी कोणाला वाढायची राहिली होती, हे त्यांना बऱ्याच वेळानं आठवलं.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला मामांचं एक काम असतं. "पाइप घेऊन ये" असं ते कधीच म्हणत नाहीत. "बघून ये," म्हणतात. डब्लिनला शिकायला गेलेल्या माझ्या बहिणीला त्यांनी नासाऊ रस्त्यावरच्या पीटरसनच्या दुकानात धाडलं. पीटरसनवर मामांची भक्ती आहे, आणि त्याला कारण पुन्हा जीभच. चार्ल्स पीटरसननं 1890 च्या सुमारास दांडीत एक छोटी विहीर कोरायची युक्ती काढली. धुरातली ओल तिथे साठते, तोंडात येत नाही. पुढे त्यानं नळीच्या टोकाचं भोक वरच्या बाजूला वळवलं, म्हणजे धूर टाळूकडे जातो आणि जीभ वाचते. "1974 ला हा माणूस भेटायला हवा होता," मामा हळहळतात. बहीण व्हिडिओ कॉलवर एकेक पाइप कॅमेऱ्यासमोर धरत होती आणि पुण्यातून आज्ञा सुटत होत्या. "उलटा कर. खिडकीकडे ने. त्यांना म्हणावं, याच्याच शेजारचा दाखवा." चाळीस मिनिटांनी मामा तृप्त आवाजात म्हणाले, "छान आहेत. राहू दे." तिथला विक्रेता आयरिश, म्हणून हसून निभावून नेलं म्हणे.

पाइप घरात आला तरी तपासणी संपत नाही. नवा पाइप पहिल्या दिवशी तोंडोतोंड भरायचा नाही. आधी एक तृतीयांश, मग अर्धा, मग पूर्ण, म्हणजे आत काजळीचा पातळ थर धरतो आणि लाकूड जळत नाही. तंबाखू तीन चिमटींत भरायची: पहिली बाळाच्या हातानं, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. एकदा ओढला की त्या पाइपला एक दिवसाची रजा. गरम असताना नळी काढायची नाही. या सगळ्यात प्रत्यक्ष धूर निघायला रात्रीचे साडेनऊ वाजत, आणि तेवढ्यात मामी उदबत्ती लावत.

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात एकदा एक सहावीतला मुलगा शेरलॉक होम्स होऊन आला, हातात भलामोठा वाकडा पाइप. परीक्षक मामा. त्यांनी माइकवरून खुलासा केला, की गोष्टींमधला होम्स मातीचा, ब्रायरचा आणि चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो. हा भोपळ्याचा वाकडा पाइप नाटक-सिनेमावाल्यांनी त्याच्या तोंडी घातलाय. मुलगा रडायच्या बेतात आला. मामांनी घाईघाईनं पुढे सांगितलं, "पण सांधा उत्तम जमलाय," आणि त्याला पहिलं बक्षीस दिलं. पाइप पुठ्ठ्याचा होता.

पाइपवाले सिगरेटवाल्यांपुढे जरा सोवळ्यात वावरतात. आम्ही धूर गिळत नाही, एवढ्या पुण्याईवर. मामाही वावरत. नियमित तपासणीत डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "धूर फुफ्फुसात नेत नाही म्हणता, पण ओठ, जीभ, घसा यांना हे कोणी सांगितलंय का?" मामा घरी आले, तंबाखूचा डबा रिकामा केला आणि घासायला टाकला. त्यात आता जिरं असतं. मला वाटलं होतं, रुसतील, चोरून ओढतील. त्यातलं काही झालं नाही. मुद्देसूद आक्षेप आला की तो मान्य करायचा, ही तपासणी खात्याची शिस्त.

निवडणं मात्र थांबलं नाही. उलट आता ते निर्मळ झालं. आइन्स्टाइन म्हातारपणी तंबाखू सुटल्यावरही रिकामा पाइप चघळत बसे, आणि चावून चावून भोक पडलेली नळी असलेला त्याचा पाइप अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, हे मामांना माहीत आहे. पण मामा पाइप चघळतही नाहीत. कवळी आहे. एकदा डेक्कनच्या बसथांब्यावर जड पाइपबरोबर तीही खाली आली होती, तेव्हापासून मर्यादा 50 ग्रॅम, आणि मामींचा मसाल्याचा काटा कायमचा कपाटात.

या कपाटात माझाही एक पाइप आहे. इस्तंबूलला गेलो तेव्हा मी मीरशॉमचा, म्हणजे समुद्रफेसासारख्या पांढऱ्या, हलक्या दगडाचा पाइप आणला. तो दगड तुर्कस्तानात एस्किशहरजवळ निघतो. अस्सल कोरडा दगड पाण्यावर तरंगतो. भुकटी दाबून केलेली नक्कलही सर्रास मिळते. मी ज्या किमतीला आणला ती मामांना सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी म्हणाल्या, "अरे, बघ जरा, न्हाणीघरात काय चाललंय." भरलेल्या बादलीसमोर मामा पाइप हातात धरून उभे होते. भिंग कपाळावर. मला बघून त्यांनी पाइप पंच्याला पुसला. तो ओला झालेलाच नव्हता.

"याची तपासणी नाही करायची," ते म्हणाले, आणि तो वरच्या खणात, देवाच्या चांदीच्या भांड्यांशेजारी ठेवला. तो आजही तिथेच आहे. तरंगतो का, ते मलाही ठाऊक नाही.

भाचा मामावर जातो म्हणतात. मी हे जन्मभर नाकारत आलो. गेल्या महिन्यात बायकोनं सांगितलं, लाटणं मोडलंय, येताना एक घेऊन ये. तुळशीबागेत मी पहिलं लाटणं उचललं, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. दुसरं पाहिलं. दोन हातांत दोन घेऊन डोळे मिटले. एक गाठीजवळ जरा जास्तच गुळगुळीत वाटलं म्हणून नखानं खरवडलं. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, पोळ्याच लाटायच्यात ना?"

मी बाहेर येऊन मामांना फोन लावला. "मामा, शिसवीचं घेऊ का साधं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भिंग उचललं असणार, फोनवर त्याचा उपयोग नसला तरी.

"लांबी भरली असेल, नीट बघ," मामा म्हणाले. आणि मग अतिशय मायेनं, "घाई नाही ना?"

पोळ्या सध्या शेजारच्या काकूंच्या लाटण्यावर होतात.