तात्यांची बॅटरी

मालवणपासून आचऱ्यापर्यंत कुठल्याही वाडीत पिल्लू आणायचं ठरलं की तात्या न बोलावता हजर होतात. कुठे त्यांचं नाव भाई असेल, कुठे बाबी. पण खिशात बॅटरी आणि चेहऱ्यावर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात उभा जन्म काढल्याचा भाव सगळीकडे तोच. पिल्लू मांडीवर उताणं करायचं, बॅटरी डोळ्यांत मारायची आणि नाकापुढे झपकन हात नाचवायचा. पापणी हलली नाही की निकाल तयार: "ह्येका दिसना नाय!" चाकरमानी लगेच भाव पाडतो. आता, अंगावर आलेला हात पाहून डोळे मिटायला कुत्रं जन्मतः शिकून येत नाही. ते अंगी यायला साधारण दहा-बारा आठवडे लागतात. तात्या नापास करतात ती पिल्लं सहा आठवड्यांची. बॅटरीचंही तेच. उजेडाने बाहुली आकसली म्हणजे दिसतंच, असं नव्हे. नजर पाहायची तर पिल्लासमोर कापसाचा बोळा अलगद सोडावा. आवाज नाही, वारा नाही. मान त्याच्यामागे गेली की काम झालं. पण बोळ्याला बॅटरीचा रुबाब कुठला! जन्मानंतर दहा-चौदा दिवसांनी डोळे उघडतात तेव्हा ते निळसरच असतात, रंग पुढे बदलतो. तात्या मात्र त्या निळाईवर बॅटरी रोखून "घारो हा, इंग्लिश रगत" असं जाहीर करतात. आई आचऱ्याच्या बाजारात माशांच्या टोपल्यांमागे हिंडणारी, हा मुद्दा तिथे काढायचा नसतो.

यावर कोणी म्हणेल, गावठी कुत्र्याचे डोळे तपासायचे कशाला? डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट पिवळट स्राव येत असेल आणि पिल्लू मरगळलेलं असेल तर तो डिस्टेंपर असू शकतो, आणि तो गावठी-विलायती बघत नाही. आतल्या कोपऱ्यात लाल गोळी वर आली तर ती अश्रूंची ग्रंथी. तात्या सांगतात तशी ती कापून टाकायची नसते, डॉक्टरकडून आत बसवून घ्यायची असते, नाहीतर डोळा पुढे कोरडा पडू शकतो. पापणी आत वळून केस बुबुळावर घासत असतील तर तेही उजेडातच दिसतं. दुसरा आक्षेप, डॉक्टर असताना तात्या कशाला? खरं आहे, पण बहुतेक पिल्लं डॉक्टरच्या टेबलावर पोचतात ती पैसे देऊन झाल्यावर, पोरांनी नाव ठेवल्यावर. त्याआधी त्यांच्या डोळ्यांत कोणी वाकून पाहिलं असेल तर ते तात्यांनीच. शिवाय "दिसना नाय" म्हणून नाकारलेली पिल्लं शेवटी जातात कुठे, तर तात्यांच्याच खळ्यात. तिथे ती पेजेवर वाढतात आणि पोस्टमन गडग्यापलीकडे दिसला की भुंकून वाडी डोक्यावर घेतात. तात्यांना याचं आश्चर्य वाटत नाही. ते म्हणतात, बॅटरीने गुण आला.

एका बाबतीत मात्र त्यांची बॅटरी काय, डॉक्टरची पहिली तपासणीही पुरत नाही. लॅब्रडॉरमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार आहे. पिल्लूपणी डोळे स्वच्छ दिसतात. मोठेपणी आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचं. तो दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर त्याची जनुकीय चाचणी होते. तेव्हा लॅब्रडॉर घेणार असाल तर विकणाऱ्याकडे आईबापांच्या चाचणीचा कागद मागा, आणि कागद नसेल तर पैसे देऊ नका.