शून्य रुपयांची तीन दरपत्रके

सेवानिवृत्त मुख्याध्यापक हा या राज्यातील सर्वांत स्वस्त तज्ज्ञ होय. ज्या समितीत प्रवासभत्त्याची तरतूद नसते आणि ज्या समितीचा अहवाल पुढे कोणी वाचण्याचा संभव नसतो, अशा समितीवर त्याची नेमणूक जणू ठरलेली असते. चहा आणि दोन बिस्किटे पुढे ठेवली असता तो कोणत्याही विषयावर सही करतो, हा खात्याचा फार जुना अनुभव आहे. गेल्या पावसाळ्यात असाच एक खलिता माझ्या घरी येऊन थडकला. वर्गाध्यापनास उपयुक्त अशी ॲप्स आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचे सहाय्यक तंत्रज्ञान यांचे मूल्यमापन करण्यासाठी जी समिती गठित करण्यात आली होती, तीवर मला 'विषयतज्ज्ञ' म्हणून घेण्यात आले होते. वास्तविक मोबाइलवर आलेला फोन उचलणे आणि खिशातल्या खिशात तो चुकून भलत्यालाच लावणे, यापलीकडे माझे त्या यंत्राशी दळणवळण नाही. ही माझी अपात्रता मी अध्यक्षमहाशयांच्या कानावर घातली, तेव्हा ज्याला ॲप वापरता येत नाही त्याचेच त्याविषयीचे मत निःपक्षपाती असते, असा निर्वाळा देऊन त्यांनी माझी विनंती दप्तरी दाखल केली.

मूल्यमापनासाठी शंभर गुणांचा छापील तक्ता होता. ॲप उघडताच राजमुद्रा आणि तिच्याखाली योग्य त्या मान्यवरांची छायाचित्रे ज्येष्ठताक्रमाने येतात काय, यास वीस गुण. स्वागतगीत आहे काय, दहा. अक्षरे नाचतात काय, दहा. पुरवठादाराने मागील तीन वर्षांची उलाढाल सनदी लेखापालाच्या सहीशिक्क्यानिशी जोडली आहे काय, तीस. आणि उरलेले तीस गुण 'एकूण प्रभाव' या सदराखाली, म्हणजे भोजनोत्तर, द्यावयाचे होते. मुलाला ते वापरता येते काय, हा प्रश्न तक्त्यात नव्हताच असे मात्र कोणी म्हणू नये. शेवटच्या पानावरील 'इतर शेरा (असल्यास)' या रकान्यात तो लिहिण्यास कोणाचीही मनाई नव्हती. रकाना अर्धा इंच रुंद होता एवढेच.

सभेच्या प्रारंभी विस्तार अधिकाऱ्यांनी जे प्रास्ताविक केले, त्यात 'क्रांती' हा शब्द इतक्या वेळा आला की मला माझ्या हयातीतील व हयातीपूर्वीच्याही क्रांत्या ओळीने आठवू लागल्या. चलच्चित्रांपुढे शाळेतील पुस्तके लौकरच निकालात निघतील, असे भाकीत एडिसनसाहेबांनी १९१३ सालीच करून ठेवले होते. १९५४ साली स्किनर या मानसशास्त्रज्ञाने शिकविणारी यंत्रपेटी काढली. १९७५-७६ या एका वर्षात सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी उतरली. त्या सहांत आपले राज्य नसल्याकारणाने ती क्रांती आम्ही वर्तमानपत्रात वाचली. २०११ च्या ऑक्टोबरात दिल्लीस 'आकाश' नावाच्या स्वस्त टॅब्लेटचे प्रकाशन झाले, आणि नावाला जागून तो पुढे बहुतेक शाळांना लांबूनच दिसला. प्रत्येक क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खडू मात्र मीच विकत आणला होता.

पहिले ॲप बोलके होते. गळ्यात ओळखपत्राची फीत अडकवलेले एक तरतरीत गृहस्थ ते घेऊन आले होते, आणि छापील मजकूर आपले यंत्र अस्खलित मराठीत वाचून दाखवते, अशी त्यांनी ग्वाही दिली. परीक्षा पाहावी म्हणून मी 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही आपली नित्याची म्हण टंकून देण्यास सांगितले. यंत्राने घसा साफ केल्यासारखा किंचित आवाज केला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "काल आला होता, पण वेल आली नव्हती."

सभागृह क्षणभर निःशब्द झाले. मग विस्तार अधिकाऱ्यांनी पृच्छा केली, "कोण आला होता?"

यंत्राचे बालपण हिंदीच्या अंगणात गेलेले असल्यामुळे 'ळ' या अक्षराशी त्याची ओळखच झालेली नव्हती, आणि चहातला च व चंद्रातला च हे मराठी माणसाच्या जिभेवर दोन वेगळ्या ठिकाणी राहतात, हेही त्याला कोणी सांगितलेले नव्हते. सबब 'चमचा' हा शब्द त्याने असा काही उच्चारला की तो उचलून तोंडात घालण्याची कोणाची छाती झाली नसती. बारा शाळा पायाखाली घालणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षिका समितीत होत्या. त्या म्हणाल्या, "डोळस मुलाने चुकीचे ऐकले तरी तो पुस्तकात पाहून दुरुस्त करील, माझ्या मुलांना पुस्तक म्हणजे हा आवाजच." यावर त्या गृहस्थांनी 'ळ' पुढील आवृत्तीत येणार असून त्यासाठी वेगळी वार्षिक वर्गणी भरावी लागेल असे नम्रपणे सांगितले, आणि तक्त्यात 'ळ' साठी स्वतंत्र रकाना नसल्यामुळे गुण कापण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. त्याच बाईंनी मग आपल्या फोनवरील पडदा वाचून दाखविणारी सोय चालू करून दुसरे एक चित्रमय ॲप उघडले, तेव्हा आतून 'बटण... बटण... बटण...' एवढाच जप ऐकू येऊ लागला, कारण कोणत्या बटणाने काय होते याची नावे आत लिहिण्याचे कारागीर विसरला होता. "आमची चित्रे फार बोलकी आहेत," असा त्याच्या प्रतिनिधीने खुलासा केला. बोलक्या चित्रांना दहापैकी नऊ गुण मिळाले.

या प्रसंगी सुगम्यतेविषयीचे परिपत्रकही पटलावर ठेवण्यात आले होते. त्याचा प्रवास असा: ते संगणकावर टंकले गेले, कागदावर उतरवले गेले, त्यावर सही व गोल शिक्का पडला, मग कोणी तरी ते काचेवर थोडे तिरके ठेवून त्याचे छायाचित्र काढले, आणि ते छायाचित्र सर्व शाळांना रवाना झाले. बाईंनी ते वाचकयंत्रासमोर धरले असता यंत्र चकार शब्द बोलेना, कारण त्याच्या लेखी त्या पानावर अक्षर असे एकही नव्हते. मौन ही संमती धरून परिपत्रक कायम करण्यात आले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, आणि मधल्या काळात या मुलांची नावेही अधिकाधिक सुश्राव्य होत गेली. ही प्रगती परिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात कृतज्ञतापूर्वक नमूद आहे, असे ज्यांना डोळे होते त्या सभासदांनी वाचून सांगितले.

खरा पेच चहानंतर उद्भवला. बाईंनी पर्समधून एक काळा पेन ड्राइव्ह काढला. त्यात 'एनव्हीडीए' नावाचा एक पडदावाचक होता. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ साली तो लिहावयास घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि विंडोजच्या साध्या संगणकावर चालणारी ही वस्तू त्यांनी जगाला विनामूल्य देऊन टाकली. मराठी वाचणारा आवाज त्याच्या सोबतच येतो. आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा असला तरी माणसाला त्याची सवय होते, जशी आम्हाला एका संगीत शिक्षकांच्या आवाजाची झाली होती. बाईंचे म्हणणे एवढेच, की हा प्रत्येक शाळेच्या संगणकात घालावा.

"किंमत?" लेखापालांनी विचारले.

"फुकट आहे, साहेब."

लेखापालांनी लेखणी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. शिरस्त्याच्या बाहेर पाऊल टाकू पाहणाऱ्या अजाण लेकराविषयी वडीलधाऱ्या माणसाला वाटते तशी कणव होती. कोणत्याही वस्तूच्या निवडीसाठी तीन दरपत्रके लागतात, त्या तिहींचा तुलनात्मक तक्ता लागतो, आणि त्यातील न्यूनतम दर मंजूर होतो, हे त्यांनी बाईंना समजावून सांगितले. शून्य रुपयांचे एक दरपत्रक कदाचित मान्य करता येईल. परंतु हीच वस्तू शून्याहून अधिक दराने देऊ इच्छिणारे आणखी दोन पुरवठादार हजर केल्याशिवाय शून्य हा दर वाजवी आहे की नाही, हे शासनाने ठरवावे तरी कसे? अध्यक्षांनी तडजोड म्हणून एक रुपया लिहिण्याची सूचना केली, पण एक रुपया म्हटला की त्यावरील कर आला, कराबरोबर पावती आली, आणि पावती देणारा तर ऑस्ट्रेलियात. शेवटी त्या गळ्यात फीतवाल्या गृहस्थांनीच मोठ्या मनाने पुढे येऊन, हीच फुकट वस्तू आपण प्रशिक्षण व शाली-श्रीफळासह दर संगणकामागे अठरा हजारांत पुरवू, असे आश्वासन दिले. तुलनात्मक तक्ता तयार झाला. बाईंच्या नावापुढील दराच्या रकान्यात 'निरंक' असे लिहिले गेले, निरंक म्हणजे दरपत्रक अप्राप्त असा अर्थ लावण्यात आला, आणि उरलेल्यांत अठरा हजार हा दर न्यूनतम ठरला.

बाईंचे समाधान व्हावे म्हणून मी त्यांना लुई ब्रेलची हकीकत ऐकवली. घोड्यांचे खोगीर-सामान शिवणाऱ्या बापाच्या कारखान्यात आरी लागून तीन वर्षांचा असताना त्याची दृष्टी गेली, आणि तशाच टोकदार हत्याराने टोचावयाची लिपी त्याने १८२४ साली, पंधराव्या वर्षी, सिद्ध केली. पॅरिसच्या ज्या अंधशाळेत तो शिकला आणि शिकवूही लागला, तिने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. तोवर ब्रेलला जाऊन दोन वर्षे झाली होती. आपल्याकडील भाषांसाठी भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये. "तेव्हा आपली समिती काही फार सावकाश चालली आहे असे म्हणता येणार नाही," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. चौथीतला एक मुलगा पुढल्या वर्षी पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत जाईल, एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांच्याशी वाद घालण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे. माझ्या शाळेत एकदा अशीच ब्रेलची पाटी, जाड कागदाची दोन रिमे, कानाची यंत्रे आणि एक बोलके घड्याळ यांची पेटी आली होती. ज्या मुलीच्या नावे ती आली, तिला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून पेटीवर हात ठेवलेले तिचे छायाचित्र घेण्यात आले. आत काय आहे, असे तिने मला विचारले होते. मी तिला सांगितलेही. पण पेटी दिली नाही, कारण तत्पूर्वीच ती जडसंग्रह नोंदवहीत चढली होती. या नोंदवहीला आम्ही बोलताना डेडस्टॉक म्हणतो, आणि तिची दहशत न बसलेला मुख्याध्यापक माझ्या पाहण्यात नाही. वस्तू वापरली म्हणजे झिजते, झिजली म्हणजे मोडते, मोडली म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव, त्यावर तीन शेरे, त्रुटीपूर्तता, आणि अखेर पगारातून वसुली. उलट कपाटात ठेवलेल्या वस्तूचे काहीही वाकडे होत नाही. नऊ वर्षांनी कार्यभार देताना कानाच्या यंत्रांतील सेल फुटून आत निळसर भुकटी झाली होती, पण प्लॅस्टिकची वेष्टने अभंग होती, आणि नगास नग जुळल्याबद्दल तपासणी अधिकाऱ्यांनी माझ्या नावे 'उत्कृष्ट जतन' असा शेरा लिहिला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

सायंकाळी निर्णय झाले. नाचरी अक्षरे, बोलकी चित्रे आणि ळ-विरहित वाणी यांना अनुक्रमे प्रथम, द्वितीय व तृतीय क्रमांक मिळाला. पेन ड्राइव्हचा विषय तहकूब होणार एवढ्यात, तो समितीपुढे सादर झालेला असल्यामुळे आता ती समितीच्या ताब्यातील वस्तू झाली आहे, असा मुद्दा लेखापालांनी उपस्थित केला. त्यामुळे तो बाईंना परत देता येईना. नोंद अशी झाली: पेन ड्राइव्ह, नग एक, रंग काळा, किंमत निरंक. नियमाप्रमाणे वस्तूवर अनुक्रमांक तैलरंगाने लिहावा लागतो. शिपाई पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला घेऊन आला, पण जागा अपुरी पडल्याने शेवटचे दोन अंक ज्या टोकाने पेन ड्राइव्ह संगणकात जातो त्या टोकावर लिहावे लागले. रंग वाळेपर्यंत आम्ही दुसरा चहा घेतला. मग कपाट बंद झाले, आणि साक्षीदार म्हणून मी सही केली.