बदलीवर आलेल्या साहेबांसाठी डोळ्यांचे नियम

बुलढाणा जिल्ह्यात बदलीचा आदेश हाती पडला की पुण्या-मुंबईच्या साहेबांचे डोळे पांढरे होतात. त्याची गरज नाही. राजूर घाट चढून वर आलात की हवा गार लागते आणि डोळे आपोआप जाग्यावर येतात. पुढे निभावायचे तर ते कुठे उघडायचे आणि कुठे मिटायचे, एवढे शिकून घ्या. डोळे वटारण्याचा सराव आपल्याला असणारच, म्हणून तो भाग गाळला आहे.

पहिला धडा लोणारला. समोरची गोष्ट सरकारदरबारी कधी दिसते, हे तिथे कळते. विवराच्या आत, पाण्याच्या काठाला यादवकाळापासूनची देवळे. माणसे खाली उतरून पूजा करून वर येत होती. तरी इंग्रजांच्या दप्तरी सरोवराची नोंद झाली ती 1823 साली, कारण तेव्हा अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची नजर त्यावर पडली. नंतरही बरीच वर्षे अनेक जाणकार त्याला ज्वालामुखीचे तोंड समजत होते. अशनी आदळल्याचा भक्कम पुरावा 1970 च्या दशकात हाती आला. तेव्हा टेबलावरची एखादी फाइल चार महिने डोळ्यांआड राहिली, तर फार मनाला लावून घेऊ नका. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, ते मात्र सगळ्यांना एकदमच दिसले. खारटपणा वाढून मिठात पोसणारे सूक्ष्मजीव माजले, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. अशा प्रसंगी साहेबांनी काठावर उभे राहून डोळे विस्फारावेत, फोटो काढू द्यावा आणि नमुने पुण्याला पाठवावेत.

डोळे लावून बसायला शिकायचे तर जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला जा. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातली मंडळी घट मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजे. शिवाय राजाच्या नावाचा पानाचा विडा. भोवती गोल रिंगणात अठरा धान्ये. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे मात्र शेत माणसांनी भरते. कुठले ढेकूळ भिजले, कुठले कोरडे राहिले, तुरीचे दाणे जागचे हलले का, विडा शाबूत आहे का, हे पाहून पाऊस, पीक आणि राजाची गादी सांगतात. याला शास्त्राचा आधार काय, असे दरवर्षी कुणीतरी विचारते, आणि त्याचे बरोबरच आहे. पण आपण तिथे विचारू नका. शेजारचा शेतकरी एवढेच म्हणेल, ‘‘साहेब, हवामानवाल्याइचं बी आयकतो अन् याचं बी आयकतो. पेरतो त पाणी पडल्यावरच ना!’’ 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता होती, म्हणून राजकीय भाकीत टाळले गेले. सगळ्या गर्दीचे डोळे विड्याकडे लागलेले असताना विड्याकडेच कानाडोळा करायचा, हे कसब कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत.

नांदुऱ्याच्या 105 फुटी हनुमानाकडे पाहताना टोपी सांभाळा. खामगावच्या चांदीने डोळे दिपले तर सराफाला ते कळू देऊ नका.

डोळा चुकवायचा कसा, हे मात्र ज्ञानगंगा अभयारण्यातच शिकावे. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ हजारापेक्षा जास्त किलोमीटर चालत इथवर आला. गळ्यात रेडिओ कॉलर, मागावर डोळ्यांत तेल घालून बसलेले वनखाते, वर उपग्रह. तरी पठ्ठ्या दिवसा दडायचा, रात्री चालायचा आणि शेताशिवारांतून सहसा कुणाच्या नजरेस न पडता पुढे सरकायचा. आपल्या हाताखालच्या काही कर्मचाऱ्यांना हे तंत्र आधीच साधलेले आढळेल, तेही कॉलरशिवाय.

कामानिमित्त शेगावला जाणे होईलच. दर्शन झाले की कचोरी घ्या. आत मुगाचे सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. मिरचीला आधी हात घालू नका. घातलाच, आणि डोळ्यांत पाणी आले, तर शिपायासमोर रुमाल काढू नका. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीही खारट. त्यातलेच थोडे वर आले म्हणून सांगा.